आवाज शोधू या, वहीत मांडू या

मंडळी, शिकलेलं अक्षर वापरात राहिलं तर टिकतं. वापर थांबला की ते हळूहळू पुसट होतं. वर्ग संपला, दाखला मिळाला, पाटी फळीवर गेली. वर्षाने पाहावं तर सही करतानाही हात अडखळतो. अशी माणसं गावोगाव आहेत. आपली तशी गत होऊ नये. म्हणून रोज थोडं वाचायचं आणि थोडं लिहायचं.

"वाचायला पुस्तक आहे, पण लिहायचं काय?" असं पुष्कळ जण विचारतात. पत्र लिहायला नातलग लांब हवा. अर्ज लिहायला काम अडायला हवं. रोज लिहावं असं काय आहे आपल्याजवळ?

आहे की! आपल्याभोवती आवाज आहेत. पहाटे डोळा उघडण्याआधी कान जागा होतो. कोंबडा आरवतो, बादली खणखणते, भाकरी थापली जाते, एस.टी.चा भोंगा वाजतो. हे आवाज शोधायचे, ओळखायचे आणि अक्षरांत लिहून ठेवायचे. हा एक खेळ आहे. पैसा लागत नाही. सगळ्यांनी मिळून खेळायचा आहे. या धड्यात आपण तो शिकू.

आवाज अक्षरांत कसा लिहावा?

आधी हे सात शब्द मोठ्याने वाचा.

गडगड. खडखड. तडतड. फडफड. धडधड. कडकड. बडबड.

ढगांची गडगड. बैलगाडीची खडखड. तेलातल्या मोहरीची तडतड. कोंबडीच्या पंखांची फडफड. भ्यालेल्या छातीची धडधड. विजेची कडकड. आणि काही माणसांची बडबड!

आता नीट पाहा. सातही शब्दांत 'ड' तोच आहे. त्याच्या आधीचं एक अक्षर तेवढं बदललं. एक अक्षर बदललं आणि ढगाची गाडी झाली, गाडीची मोहरी झाली. अक्षराची ताकद एवढी आहे.

असे आणखी शब्द आपल्या बोलीत भरपूर आहेत. ओढ्याची खळखळ, पिंपळाच्या पानांची सळसळ, पाटाच्या पाण्याची झुळझुळ. लोहाराच्या घणाची ठणठण, नाण्यांची खणखण. हे शब्द आपल्या तोंडी लहानपणापासून आहेत. आता ते हाताने लिहायचे.

काही आवाज लिहिताना जोडाक्षर लागतं. फोडणीचा 'चर्र'. कापड फाटलं, 'टर्र'. चिमणी उडाली, 'भुर्र'. तिन्हीत 'र' ला 'र' जोडला आहे. काही आवाज एकदम तुटतात. त्यांच्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडायचा. 'धप्', 'फट्', 'टण्'. आवाज लांबला तर अक्षरापुढे ऽ ही खूण करावी. कोणी लांबून हाक मारली तर लिहावं, 'ओऽ'.

जनावरांच्या आवाजांना तर वेगवेगळी नावंच आहेत. गाय हंबरते. म्हैस रेकते. घोडा खिंकाळतो. कोंबडा आरवतो. पारवा घुमतो. मांजर गुरगुरतं. कुत्रं भुंकतं, आणि मार बसला तर केकाटतं. साप फुत्कारतो. हे शब्द वहीत एकाखाली एक लिहून काढा.

"आवाज अक्षरांत बरोबर उतरला हे कसं कळायचं?" सोपं आहे. तुम्ही लिहिलेलं दुसऱ्याला वाचायला द्या. वाचून त्याला आवाज ओळखता आला, की तुमचं लिहिणं बरोबर. कोंबड्याचं आरवणं एक जण 'कुकूचकू' लिहील, दुसरा 'कुकडूकू' लिहील. दोन्ही चालतील.

आपल्या वाडवडिलांनी हेच केलं. पावसाच्या तोंडावर पावशा पक्षी ओरडू लागतो. त्याच्या आवाजाला त्यांनी 'पेर्ते व्हा' ही अक्षरं दिली. पक्ष्याला काय, पेरणीशी त्याचा संबंध नाही. पण ऐकणारा शेतकरी होता. त्याच्या मनात पेरणी होती, म्हणून त्याला तसं ऐकू आलं.

खेळाची तयारी

खेळाला सोळा ते वीस माणसं पुरेत. त्यांचे चार गट करा. प्रत्येक गटात एक म्हातारं माणूस, एक बाई, एक तरुण गडी आणि एक शाळकरी मूल असावं. म्हाताऱ्या माणसाला जुने आवाज ठाऊक असतात. बाईला घरातले आणि पाणवठ्यावरचे आवाज कळतात. तरुणाला यंत्रांचे आवाज ओळखता येतात. मुलाचे कान सगळ्यांत तीक्ष्ण. वय वाढलं की बारीक, किनरे आवाज ऐकू येणं कमी होतं. म्हणून गटात सगळे हवेत.

खेळाची वेळ बायांना विचारून ठरवा. त्यांच्या मागे चूल, पाणी, गुरं असतात. त्यांची सवड न पाहता वेळ ठरवली तर खेळ पुरुषांचाच होईल, आणि निम्म्या गावाचे आवाज वहीत येणारच नाहीत.

सामान थोडं लागतं. प्रत्येक गटाला एक वही, दोन पेन्सिली, एक घड्याळ. रात्री खेळायचं असेल तर बॅटरी. आवाज भरण्याची सोय असलेला फोन असेल तर उत्तम. नसला तरी अडत नाही.

चार गटांना चार जागा नेमून द्या. एक पाणवठा. दुसरी शेत. तिसरी एस.टी.चा थांबा किंवा बाजाराची जागा. चौथी घराची ओसरी आणि गोठा. दुसऱ्या दिवशी जागा बदला.

गटात कामं वाटून घ्या. एकाने लिहायचं. एकाने घड्याळ पाहायचं. एकाने फोन सांभाळायचा. बाकीच्यांनी ऐकायचं आणि खुणेने दाखवायचं. लिहिणारा माणूस दर खेपेला बदलायचा. हा नियम मोडू नका. नाहीतर ज्याचं अक्षर चांगलं तोच सदा लिहील, आणि ज्याला सराव हवा तो मागेच राहील.

खेळ कसा खेळायचा?

नेमलेल्या जागी जाऊन बसा. पहिली दोन मिनिटं डोळे मिटा. कोणी बोलायचं नाही. सुरुवातीला वाटेल, इथे काहीच आवाज नाही. थोडं थांबा. एकेक आवाज पुढे येऊ लागेल. आधी जवळचा, मग लांबचा, मग त्याहून लांबचा.

नंतर तेरा मिनिटं लिहायचं. एकूण पंधरा मिनिटांचा डाव. मुद्दाम आवाज काढायचा नाही. न ऐकलेला आवाज लिहायचा नाही. "इथे कावळा असतोच" म्हणून कावळा लिहिला, तर ते खोटं झालं. कान साक्ष देईल तेवढंच वहीत.

प्रत्येक आवाजासाठी पाच गोष्टी लिहा. किती वाजता ऐकला? कुठे? कसा वाजला? कशाचा होता? जवळ की दूर? नमुन्याचं पान असं होईल.

१. सकाळी ६ वाजून ५ मिनिटं. पाणवठा. खटाक् खटाक्. हातपंपाचा दांडा. जवळ.

२. ६ वाजून ७ मिनिटं. पाणवठा. भडभडभड. घागरीत पडणारं पाणी. जवळ.

३. ६ वाजून ८ मिनिटं. पाणवठा. टिटिव टिटिव. टिटवी. दूर, ओढ्याच्या बाजूला.

४. ६ वाजून ११ मिनिटं. पाणवठा. फटफटफट. दूधवाल्याची मोटारसायकल. लांबून जवळ आली.

५. ६ वाजून १४ मिनिटं. पाणवठा. कुईं कुईं. ओळखला नाही.

पाचवी ओळ पाहा. आवाज ओळखला नाही म्हणून तो सोडून दिला नाही. लिहून ठेवला. असा आवाज हा खेळातला सर्वांत मोलाचा आवाज. कारण तो शोधायचा आहे.

आता घागरीकडे पुन्हा एकदा कान द्या. घागर रिकामी असते तेव्हा पाण्याचा आवाज जाड येतो. भरत जाते तसा तो बारीक, चढा होत जातो. पाणवठ्यावरची बाई गप्पा मारताना घागरीकडे पाहत नाही, तरी भरायच्या बेताला बरोबर हात पुढे करते. तिला हे कानाने कळतं. का? घागरीतली हवासुद्धा पाण्याच्या धारेने घुमते. हवेची पोकळी मोठी असली तर आवाज जाड. पाणी चढलं की पोकळी आखूड होते, आणि आवाज बारीक होतो. बासरीचंही तसंच. सगळी भोकं झाकली तर सूर खालचा. बोटं उचलत गेलं की हवेची वाट आखूड होते आणि सूर चढतो.

पारावरची बैठक

संध्याकाळी सगळे गट पारावर किंवा समाजमंदिरात जमा. आता वाचनाची पाळी. पण आपली वही आपण वाचायची नाही. ती शेजारच्या गटाला द्यायची. त्या गटातल्या एकाने उभं राहून फक्त आवाज वाचायचा. कशाचा ते सांगायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचं.

गुण असे द्यावेत. ऐकताच ओळखला तर लिहिणाऱ्या गटाला दोन गुण. वेळ आणि जागा सांगितल्यावर ओळखला तर एक गुण. मुळीच ओळखला नाही तर शून्य. ज्या आवाजापुढे 'ओळखला नाही' असं लिहिलं आहे, त्यांची वेगळी यादी करून ती पारावर लावा. आठ दिवसांत जो त्या आवाजाचा धनी शोधून आणील, त्याच्या गटाला तीन गुण.

वाचणारा अडखळला तर हसू नका. त्याला वेळ द्या. एकेक अक्षर जोडून त्याने 'खटाक् खटाक्' वाचलं आणि समोरून दहा तोंडांतून 'हातपंप!' असं उत्तर आलं, की त्याला जो हुरूप येतो तो शाबासकीने येत नाही. आपण वाचलेलं दुसऱ्याला कळलं, हे त्याला तिथेच दिसतं.

फोनमध्ये आवाज भरणे

१८७७ साली अमेरिकेत एडिसनने फोनोग्राफ नावाचं यंत्र बनवलं. माणसाचा आवाज भरून तो पुन्हा ऐकवणारं हे पहिलं यंत्र. त्याआधी बोललेला शब्द हवेत विरून जाई. आज तेच काम खिशातला फोन करतो. पण आवाज भरण्याचीही एक रीत आहे.

पहिली गोष्ट. फोनची घंटी बंद करा. दुसरी. सुरुवातीला आपल्या तोंडाने तारीख, गावाचं नाव आणि जागा सांगा. नुसता आवाज भरून ठेवला तर महिन्याने आपल्यालाच कळत नाही, हा कुठला. तिसरी. फोन आवाजापासून हातभर अंतरावर धरा. वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, नाहीतर आवाजाऐवजी 'भसभस' भरली जाते. चौथी. अर्धा मिनिट भरा आणि तोवर बोलू नका. पाचवी. भरलेल्या आवाजाला नाव द्या आणि त्याचा वहीतला क्रमांकही लिहा.

एक गोष्ट मात्र ध्यानात धरा. माणसाचा आवाज भरायचा असेल तर आधी त्याला विचारा. कोणाचं भांडण, कोणाचं रडणं, कोणाच्या घरातलं बोलणं चोरून भरायचं नाही. खेळाने माणसं जवळ यावीत. त्याने गावात दुही झाली तर तो खेळ कसला?

गेलेले आवाज

वहीतली काही पानं मोकळी सोडा. त्यांवर लिहा, 'आता न ऐकू येणारे आवाज'.

जुन्या माणसांना विचारा. पहाटे घरोघर जातं घरघरायचं. त्यावर ओव्या म्हटल्या जायच्या. उखळात मुसळ पडायचं. मळ्यात मोट चालायची. बैल धावेवरून खाली उतरत, नाडा ताणला जाई, चाक कुरकुरे, आणि मोट वर येताच थारोळ्यात पाणी धो धो पडे. मोटकरी गाणं म्हणे. मग इंजिन आलं, विजेची मोटार आली. पिठाची गिरणी आली. बायांच्या हातांचे कष्ट वाचले, बैलांचे वाचले. हे चांगलंच झालं. जातं परत आणा असं आम्ही म्हणत नाही. पण जात्याबरोबर ओव्याही चालल्या. त्या ज्यांना पाठ आहेत त्या आज्या आता थोड्या उरल्या आहेत. आजीबरोबर ओवी गेली की ती कायमची गेली. ती पुन्हा कुठल्या दुकानात मिळायची नाही.

हे ओळखून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी मोठं काम केलं. आपल्या सहकाऱ्यांना घेऊन ते खेड्यापाड्यांत, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर गेले. बायांजवळ बसले. जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांतल्या पुष्कळ ओव्या बायांच्या आवाजात टेपवरही भरल्या. सासर-माहेर, भाऊ, लेक, शेत, विठोबा, मनातलं दुःख, सगळं त्यांत आहे. ज्या बायांना एक अक्षर लिहिता येत नव्हतं, त्यांच्या बोलण्याचा असा मोठा ठेवा झाला.

तुम्हाला तर अक्षर येतं. तुमच्या आजीची ओवी लिहून घ्यायला पुण्याहून माणूस कशाला यायला हवा? आजीला चार प्रश्न विचारा. हा आवाज कधी ऐकू यायचा? तो कसा होता, काढून दाखवता का? ते काम कोण करायचं? ते कधी बंद झालं? उत्तरं वहीत लिहा. खाली आजीचं नाव आणि तारीख घाला.

आवाज आपल्याला काय सांगतो?

कोणी म्हणेल, "खेळ ठीक आहे, पण याचा उपयोग काय?" उपयोग पुष्कळ आहे. चार दाखले पाहू.

कुंभाराकडे मडकं घेताना आपण बोटाने वाजवतो. चांगलं मडकं 'टण्' वाजतं. चीर गेलेलं 'बद्द' वाजतं. चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. डॉक्टरही छातीचा आवाज ऐकतो. १८१६ साली पॅरिसमधल्या लाएनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची गुंडाळी करून एका बाईच्या छातीला लावली, आणि ठोके स्पष्ट ऐकू आले. डॉक्टरांच्या गळ्यातली नळी तिथून निघाली.

विहिरीवरच्या मोटारीचा रोजचा आवाज कानात ठेवा. पाणी खाली गेलं आणि मोटार हवा ओढू लागली की आवाज बदलतो. पाइपातून पाणी तुटक येतं, फुरफुर होते. त्याच वेळी बटण बंद केलं तर मोटार वाचते. लक्ष दिलं नाही तर ती जळते, आणि ऐन हंगामात हजारो रुपयांचा खड्डा पडतो.

तिसरा दाखला विजेचा. वीज आणि गडगडाट एकाच वेळी होतात. पण उजेड लगेच दिसतो, आणि आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे एक किलोमीटर यायला त्याला तीन सेकंद लागतात. वीज चमकली की मोजायला लागा. सहा सेकंदांनी गडगडलं तर वीज दोन किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर काम सोडा आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली उभे राहू नका. पाण्यात, तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आपल्याकडे दर साल वीज पडून शेतात माणसं आणि गुरं मरतात. मोजता येणाऱ्या माणसाला थोडा वेळ आधी सावध होता येतं.

चौथा दाखला सापाचा. घोणस चिडली की मोठ्याने फुत्कारते. कुकरची वाफ सुटावी तसा आवाज येतो. फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं. खरखर असा, करवत चालवल्यासारखा आवाज होतो. असा आवाज आला की जागच्या जागी थांबा. बॅटरी पाडा. साप दिसला की हळू मागे सरा. पण मण्यार चावण्याआधी आवाज देईलच असं नाही. म्हणून रात्री कानावर भरवसा ठेवून अंधारात चालू नका, उजेड हवाच. आणि साप चावला तर चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ वर फोन करा आणि तडक दवाखान्यात जा.

कान सांभाळा

या खेळात एक गोष्ट हमखास कळते. गटातल्या चौघांना आवाज येतो आणि पाचव्याला येत नाही. त्याला 'बहिरा' म्हणून हसू नका. पुष्कळ जणांना आपल्याला कमी ऐकू येतं हे ठाऊकच नसतं. घरचे म्हणतात, "हाक मारली तरी ओ देत नाही, गुर्मी आली आहे." ती गुर्मी नसते, कान अधू झालेला असतो. कधी नुसता मळ साठलेला असतो आणि तो काढला की काम भागतं. कधी कानातून पू येत असतो. काडी, पिन घालून कान कोरू नका. पू येत असेल तर तेल ओतू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

लहान मुलाकडे जास्त लक्ष द्या. मोठा आवाज झाला तरी तान्हं मूल दचकत नाही, वर्षाचं होऊनही हाकेला वळत नाही, असं दिसलं तर वाट पाहू नका. "बोलेल उशिरा, त्याचा बापही उशिरा बोलला" असं म्हणून दिवस घालवू नका. जे मूल ऐकत नाही ते बोलायला शिकणार कसं? कानाची तपासणी लवकर झाली तर यंत्राचा आणि शिकवण्याचा उपयोग होतो. मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाची सरकारी संस्था १९८३ पासून हेच काम करते. जिल्ह्याच्या रुग्णालयातही चौकशी करता येते.

ज्याला कमी ऐकू येतं त्यालाही खेळात घ्या. त्याच्याकडे लिहिण्याचं काम द्या. आवाज हाताला कळतो हेही त्याच्याकडून शिका. ढोलकीवर, गिरणीच्या भिंतीवर, मांजराच्या पाठीवर हात ठेवला की आवाज थरथरून हाताला लागतो.

चांगला कानही बिघडवता येतो. वरातीत, मिरवणुकीत भिंतीएवढे कर्णे लावतात. त्यांच्यापुढे तास दोन तास नाचलं की कानात 'किंऽ' असा आवाज राहतो. तो कानाने दिलेला इशारा असतो. आवाज डेसिबल या मापाने मोजतात. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास राहिलं तर कान कायमचा बिघडू शकतो. आवाज याहून मोठा असेल तर थोडा वेळही पुरतो. बिघडलेली नस पुन्हा उगवत नाही. देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णा लावायला मनाई आहे. वर्षातले ठराविक थोडे दिवस सरकार बारा वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. शाळा आणि दवाखान्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकतं. हे आता तुम्ही स्वतः वाचलं आहे. बारशाच्या, लग्नाच्या घरी हे समजावून सांगा. तान्ह्या पोराला घेऊन कर्ण्यापुढे उभं राहू देऊ नका.

वही जपून ठेवा

कॅनडात मरे शेफर नावाचे एक संगीतकार होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७५ साली युरोपातल्या पाच खेड्यांत मुक्काम केला. स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि स्कॉटलंड या देशांतली ही खेडी. तिथल्या घंटा, गाड्या, पक्षी, माणसांची ये-जा, सगळ्यांचे आवाज त्यांनी टिपले. पुढे पंचवीस वर्षांनी दुसरे अभ्यासक त्याच खेड्यांत गेले. कुठले आवाज राहिले, कुठले गेले, हे त्यांना पडताळून पाहता आलं. का? आधीच्यांनी लिहून आणि भरून ठेवलं होतं म्हणून.

आपणही तसं करू. आपल्या वहीवर गावाचं नाव आणि साल घालू. ती वाचनालयात किंवा शाळेत ठेवू. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच चार जागी, त्याच वेळी खेळ खेळू आणि नवं पान जोडू. मग एखाद्या वर्षी दिसेल, ओढ्यावरची टिटवी पानावरून नाहीशी झाली आहे. तेव्हा विचारता येईल, का बरं? ओढा आटला का? वाळू उपसली का? वही नसती तर टिटवी गेली हेही कोणाच्या ध्यानात आलं नसतं.

मग ठरवा तर दिवस. बाजाराचा दिवस सोडून कोणताही चालेल. पेन्सिलीला टोक करा, आणि पहाटे पाणवठ्यावर भेटा.

अभ्यास

१. उत्तरं लिहा : घागर भरत आली हे न पाहता कसं कळतं? वीज चमकल्यावर नऊ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज किती किलोमीटरवर आहे?

२. गाळलेला शब्द भरा : गाय ........ . घोडा ........ . पारवा ........ .

३. 'चर्र', 'टर्र', 'भुर्र' यांसारखे आणखी दोन शब्द शोधून लिहा.

४. आज रात्री अंथरुणावर पडल्यावर ऐकू येणारे पाच आवाज उद्या सकाळी वहीत लिहा. मग ते घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या.

५. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून, आता ऐकू न येणाऱ्या एका आवाजाबद्दल पाच ओळी लिहा.